चार्जिंगचा दिवा विझत नाही: जुन्या गाडीच्या डायनामोला दोष देण्याआधी

गाडी सेल्फ घेईनाशी झाली की पहिला आळ बॅटरीवर येतो. बॅटरी बदलली की महिनाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. मग डायनामोचा, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा, नंबर लागतो. तोही बदलून होतो आणि थोड्याच दिवसांत डॅशबोर्डवरचा लाल दिवा पुन्हा डोळे वटारून बघू लागतो. चार्जिंगची तक्रार अशी फिरून फिरून येत असेल, तर बदललेले भाग बहुतेक वेळा निर्दोष असतात. खरा चोर गंजलेला अर्थ (गाडीच्या बॉडीतून जाणारी विजेची परतीची वाट), गुळगुळीत झालेला पट्टा किंवा भलत्याच आकड्यावर बसवलेला रेग्युलेटर (डायनामोचं व्होल्टेज आवरणारा भाग) असतो.

इथली माहिती मुख्यतः १२ व्होल्टच्या, डायनामो आणि कटआउट-रेग्युलेटरचा डबा असलेल्या गाड्यांसाठी आहे. कटआउट म्हणजे डायनामो आणि बॅटरी यांना जोडणारा-तोडणारा, आपोआप चालणारा स्विच. उदाहरणं लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीची आहेत, म्हणजे सी ३९ किंवा सी ४० डायनामो आणि आरबी १०६ डबा. डायनामोच्या जागी आलेल्या सुरुवातीच्या अल्टरनेटरबद्दल शेवटी थोडक्यात आहे.

लक्षणं नीट बघा, निम्मं काम तिथेच होतं

लाल दिव्याची एक बाजू इग्निशनच्या पुरवठ्याला जोडलेली असते, दुसरी डायनामोच्या डी टर्मिनलला, म्हणजे वीज बाहेर देणाऱ्या टोकाला. दोन्हीकडे सारखा दाब (व्होल्टेज) आला की दिवा विझतो, फरक राहिला की पेटतो. एवढं डोक्यात ठेवलं की दिवा स्वतःच बोलू लागतो.

- इंजिन पळवलं तरी दिवा लख्ख पेटलेला: डायनामो काहीच देत नाही. पट्टा, कार्बन (फिरत्या भागाला टेकून वीज घेणारे ठोकळे), फील्डची (चुंबक तयार करणाऱ्या स्थिर कॉइलची) वायर किंवा रेग्युलेटर.
- दिवा मंद होत विझतो आणि रेस वाढवल्यावर पुन्हा उजळत जातो: डायनामो ठणठणीत आहे, कटआउट मिटत नाही. डायनामोचा दाब बॅटरीच्या वर गेला आणि फरक उलट्या दिशेने वाढला, एवढाच त्याचा अर्थ.
- रात्री हेडलाइट लावल्यावर दिवा अगदी मिणमिणता दिसतो: बॅटरीकडे जाणाऱ्या वाटेत कुठेतरी रोध आहे. जोड मळले आहेत किंवा कटआउटचे पॉइंट जळके झाले आहेत.
- किल्ली फिरवूनही दिवा लागतच नाही: बल्ब गेला असेल. पण कटआउट चिकटलेलं असलं तरीही असंच दिसतं, आणि ते धोक्याचं आहे. खाली त्यावर लिहिलं आहे.
- बल्ब वरचेवर उडतात, बॅटरीचं पाणी लवकर आटतं, आंबूस उग्र वास येतो: चार्जिंग जास्त होतंय.
- दिवसभर सगळं ठीक, सकाळी बॅटरी बसलेली: चार्जिंगचा दोष नसून रात्री कुठेतरी करंट गळतोय.

आता जे दोष नाहीत तेही सांगायला हवं. आयडलवर लाल दिवा लुकलुकणं हा डायनामोचा स्वभाव आहे. इंजिन साधारण १००० फेऱ्यांच्या आसपास गेल्याशिवाय तो कामाला लागत नाही. अल्टरनेटरच्या गाड्या चालवायची सवय असलेल्यांना हे बिघाडासारखं वाटतं आणि मग धडधाकट डायनामो खोलला जातो.

दुसरी गोष्ट हिशेबाची. सी ४० डायनामो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तोही चांगल्या वेगाला. ४५ वॉटचे दोन हेडलाइट ७.५ अँपिअर खातात, छोटे दिवे सुमारे २, इग्निशन कॉइल ३ ते ४, वायपर २ ते ३, हीटरचा पंखा ३ ते ४. पावसाळी रात्री सगळं एकदम चालू असलं की बेरीज १९-२० च्या घरात जाते. बॅटरीच्या वाट्याला उरतात दोन-तीन अँपिअर. त्यात ६० वॉटचे हॅलोजन घातले तर हेडलाइटच १० अँपिअर मागतात आणि बॅटरीसाठी काही उरत नाही. अशा गाडीत काहीच बिघडलेलं नसतं. जमाखर्च जुळत नाही, इतकंच.

कामाला हात घालण्याआधी

एक डिजिटल मल्टिमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, बारीक काचकागद, दोन्ही टोकांना क्लिप असलेली वायर आणि हायड्रोमीटर (बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी) एवढ्यावर बहुतेक काम होतं. हातातली अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून तिच्या आसपास ठिणगी नको आणि डोळ्यांवर चष्मा हवा.

गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे की निगेटिव्ह, ते डोळ्यांनी बघून घ्या. पुस्तकावर विसंबू नका. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या आणि त्यातल्या कितीतरी नंतर उलटवल्या गेल्या आहेत. बॉडीला जाणारी जाड पट्टी बॅटरीच्या कुठल्या खांबावर आहे, तेच खरं.

१. पट्टा

सर्वात लांब मोकळ्या भागात अंगठ्याने दाबल्यावर पट्टा १० ते १३ मिलिमीटर दबला पाहिजे. पण ताण बरोबर असूनही पट्टा घसरू शकतो आणि हे हमखास नजरेतून सुटतं. व्ही पट्टा पकडतो तो दोन्ही कडांनी. कडा झिजून पट्टा पुलीच्या खाचेत तळाला टेकला की कितीही ताणा, तो घसरणारच. पुलीत वाकून बघा: खाचेचा तळ घासून चकचकीत झाला असेल, तर पट्टा बदलायला झालाय. पट्ट्याच्या कडा काचेसारख्या चमकत असतील तरी तेच.

ताण वाढवताना डायनामो पहारीने उचकटू नका. जास्त ताणला तर मागचा बुश झिजतो, आर्मेचर (आतला फिरणारा भाग) खाली बसून फील्डच्या पोल शूजना (स्थिर लोखंडी तुकड्यांना) घासू लागतं आणि पट्ट्याच्या जागी अख्ख्या डायनामोचं काम निघतं.

२. बॅटरी

बाकीची सगळी मोजमापं चांगल्या बॅटरीवरच खरी ठरतात, म्हणून हिचा नंबर आधी. गाडी काही तास उभी राहू द्या, हेडलाइट मिनिटभर लावून बंद करा, थोडं थांबून व्होल्टेज बघा. १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली असेल तर आधी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरा.

झाकणं निघत असतील तर हायड्रोमीटर लावा. भरलेल्या बॅटरीत प्रत्येक कप्प्यात १.२६५ ते १.२८० दिसायला हवं. एखादा कप्पा बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने मागे असेल, तर ती बॅटरी गेलेली आहे. पाणी एकाच कप्प्यात कमी होत असेल तरी दोष बॅटरीचाच. सगळ्या कप्प्यांत सारखं आटत असेल, तर रेग्युलेटरकडे बघायचं.

३. जोड आणि अर्थ

सगळ्यात जास्त गाड्या इथेच बऱ्या होतात. दिसायला स्वच्छ असलेला जोडही दगा देतो, म्हणून डोळ्यांवर न जाता व्होल्टेज किती गळतंय ते मोजायचं. मोजताना करंट वाहत असायला हवा, नाहीतर प्रत्येक जोड चांगलाच दिसेल. इंजिन २००० फेऱ्यांवर धरा, हेडलाइट लावा आणि मीटर २ व्होल्टच्या रेंजवर ठेवा.

पहिलं माप डायनामोची बॉडी ते बॅटरीचा अर्थचा खांब: ०.२ व्होल्टच्या आत. दुसरं डब्याच्या ए (बॅटरीकडे जाणाऱ्या) टर्मिनलपासून बॅटरीच्या जिवंत, म्हणजे अर्थ नसलेल्या, खांबापर्यंत: ०.३ च्या आत. तिसरं डायनामोच्या डी पासून डब्याच्या डी पर्यंत, तेही ०.३ च्या आत. मीटरची टोकं लगवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या पकडीवर) न टेकवता थेट खांबावर आणि बोल्टवर टेकवा. लग आणि खांब यांच्यामधलाच जोड खराब असेल, तर लगवर टेकवून तो कधीच सापडणार नाही.

आकडा जास्त आला की मीटरचं एक टोक एकेक जोड पुढे सरकवत जा. ज्या जोडावर आकडा एकदम पडतो, तोच गुन्हेगार. तो जोड खोला, दोन्ही पृष्ठभाग चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. वायर लगजवळ कडक लागते का, हे बोटांनी वाकवून बघा. चांगली वायर लवचीक असते. कडक लागली तर आवरण दोन सेंटिमीटर मागे कापा. आतलं तांबं काळं किंवा हिरवं निघालं तर ते टोक टाकूनच द्यायचं. काळ्या तांब्यावर डाग (सोल्डर) बसत नाही.

नव्याने रंगवलेल्या गाडीत हा भाग दुप्पट काळजीने बघा. सुंदर रंगाच्या थरावर घट्ट आवळलेली अर्थची पट्टी म्हणजे लाकडावर आवळलेली पट्टी. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली पट्टी लावायची राहिली असेल, तर सेल्फचा सगळा करंट चोकच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली, तर दुसरीकडे शोधायची गरज नाही.

४. डायनामो स्वतः काय देतो?

एक इशारा आधी: पुढची पद्धत लुकाससाठीच आहे. लुकासमध्ये फील्डचं एक टोक आत अर्थ केलेलं असतं आणि रेग्युलेटर दुसऱ्या टोकाला, म्हणजे एफ ला, डी कडून पुरवठा देतो. बॉशच्या बऱ्याच डायनामोंत आणि डेल्कोमध्ये उलट असतं: फील्डला पुरवठा आतून मिळतो आणि रेग्युलेटर त्याला अर्थ करतो. तिथे पूर्ण ताकद बघायला फील्डचं टर्मिनल अर्थ करावं लागतं. आपल्या गाडीत कुठला प्रकार आहे हे कळल्याशिवाय हात लावू नका.

डायनामोवरच्या दोन्ही वायरी काढा. डी म्हणजे मोठं टर्मिनल, एफ म्हणजे छोटं. दोन्ही छोट्या वायरने एकत्र जोडा आणि मीटर त्या जोडापासून डायनामोच्या बॉडीला लावा. इंजिन आयडलवर सुरू करून रेस हळूहळू वाढवा. व्होल्टेज न अडखळता भराभर चढलं पाहिजे. २० व्होल्ट दिसले की परीक्षा संपली, रेस सोडा. इंजिन १००० फेऱ्यांच्या वर न्यायचं नाही. लोड नाही आणि लगामही नाही, त्यामुळे व्होल्टेज बेफाम वाढून वाइंडिंग जळू शकतं.

- काहीच नाही: कार्बन कम्युटेटरला (आर्मेचरच्या टोकावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या नळकांड्याला) टेकत नाहीत.
- अर्धा ते एक व्होल्ट: फील्ड कॉइल तुटली असावी किंवा तिचा जोड निघाला असावा.
- ४ ते ५ व्होल्ट: आर्मेचरवर संशय.

डायनामो बराच काळ पडून होता, दुसऱ्या गाडीतून आणला किंवा गाडीचा अर्थ उलटवला असेल, तर त्यातलं उरलेलं चुंबकत्व नाहीसं किंवा उलटं झालेलं असतं. इंजिन बंद ठेवून एफ ची वायर काढा, बॅटरीच्या जिवंत खांबावरून एक वायर आणा आणि डायनामोच्या एफ टर्मिनलला दोन-तीन सेकंद टेकवा. छोटी ठिणगी दिसेल, ती अपेक्षितच आहे. बस, नवीन डायनामो ‘बसवूनही चालत नाही’ अशा तक्रारींपैकी बऱ्याच या दोन-तीन सेकंदांत मिटतात.

डायनामो उत्तीर्ण झाला तर वायरी पुन्हा लावा, डब्याकडची डी आणि एफ ची टोकं काढून एकमेकांना जोडा आणि तीच परीक्षा तिथे घ्या. आकडा तसाच आला पाहिजे. नाही आला, तर मधली वायर तुटलेली किंवा कुठेतरी बॉडीला लागलेली आहे.

५. कार्बन आणि कम्युटेटर

कार्बन होल्डरमध्ये सहज सरकले पाहिजेत. अडकत असतील तर पेट्रोलने ओलावलेल्या फडक्याने बाजू साफ करा आणि पूर्ण वाळू द्या. ७ मिलिमीटरच्या आसपास आले असतील तर बदला. कम्युटेटर काळा पडला असेल तर बारीक काचकागदाने घासा. एमरी कागद अजिबात नको, कारण त्याचे वीजवाहक कण तांब्याच्या पट्ट्यांमध्ये अडकून त्या शॉर्ट करतात. पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या बरोबरीला आला असेल, तर तो सुमारे ०.८ मिलिमीटर खाली खरवडावा लागतो. तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडच्या कडा घासून हे काम छान होतं, पण घाई केली की तांबंच ओरबाडलं जातं.

डायनामोच्या आतल्या बाजूला कथलाचे बारीक शिंतोडे गोलाकार उडालेले दिसले, तर आर्मेचर अति तापून कम्युटेटरचे डाग वितळले आहेत. ते आर्मेचर गेलंच. नवीन बसवण्याआधी ओव्हरलोडचं कारण शोधा, नाहीतर तेही त्याच वाटेने जाईल.

मागच्या बुशच्या छिद्रात इंजिन ऑइलचे थोडेच थेंब पुरतात. जास्त घातलं तर ते थेट कम्युटेटरवर जातं.

६. डबा: इथे हात आखडता

आधी डब्याच्या ई टर्मिनलचा अर्थ बघा. रेग्युलेटरची मुख्य कॉइल डी आणि ई यांच्यामध्ये बसते. ई चा अर्थ तुटला की कॉइलला करंट मिळत नाही, पॉइंट मिटलेलेच राहतात आणि डायनामो पूर्ण ताकदीने पळत सुटतो. बल्ब उडतात, बॅटरी उकळते, रेग्युलेटर ‘खराब’ ठरवून नवा आणला जातो आणि त्याच तुटक्या अर्थवर बसवला जातो.

कटआउट बघायला मीटर डी आणि ई वर लावून रेस हळू वाढवा. १२.७ ते १३.३ व्होल्टच्या दरम्यान ‘टक्’ असा आवाज येतो आणि आकडा किंचित खाली येतो: पॉइंट मिटले. रेस उतरवताना ८.५ ते ११ व्होल्टच्या दरम्यान ते उघडले पाहिजेत. इंजिन बंद केल्यावरही उघडले नाहीत, तर बॅटरी उलटी डायनामोत रिकामी होऊ लागते आणि वायरी तापतात. किल्ली फिरवून लाल दिवा लागत नाही आणि डायनामोची जाड वायर गरम आहे, अशी जोडी दिसली की विचार करत बसू नका, आधी बॅटरीची वायर काढा.

आता रेग्युलेटरचा आकडा, जिथे सर्वाधिक नुकसान होतं. आरबी १०६ डबा तपासताना ए आणि ए १ वरच्या वायरी काढून एकत्र जोडतात, म्हणजे इंजिन बॅटरीवर चालू राहतं आणि डायनामो मोकळा सुटतो. मीटर डी आणि अर्थवर. रेस वाढवत गेल्यावर आकडा थरथरतो आणि एका जागी स्थिरावतो. २० अंश सेल्सिअसला तो आकडा १६.० ते १६.६ व्होल्ट असायला हवा. हे अर्ध्या मिनिटात उरकायचं, कॉइल तापली की आकडा बदलतो.

सोळा व्होल्ट पाहून बरेच जण दचकतात आणि स्क्रू फिरवून ‘बरोबर’ १४.२ वर आणतात. पण हा मोकळ्या डायनामोचा आकडा आहे. बॅटरी जोडल्यावर करंट रेग्युलेटरवरच्या जाड तारेच्या वेढ्यांतून जातो आणि दाब आपोआप खाली येतो. मोकळ्यावर १४.२ लावलेला रेग्युलेटर बॅटरीला कधीच पुरेसं देत नाही. नव्या बॅटऱ्या वर्षाच्या आत बसत असतील, तर कोणीतरी हा उद्योग करून ठेवला आहे का, ते आधी बघा. तीन कॉइलच्या आरबी ३४० डब्याची पद्धत आणि आकडे वेगळे आहेत. हे आकडे त्याला लावू नका.

पॉइंट साफ करताना कटआउटला बारीक काचकागद आणि रेग्युलेटरला बारीक कार्बोरंडम दगड वापरा, मग स्पिरिटने पुसून घ्या. स्क्रू फिरवायचाच असेल तर एका वेळी पाव फेरीपेक्षा कमी.

बॅटरी रात्रीत बसत असेल तर

किल्ली काढा, दारं बंद करा, अर्थची वायर खांबावरून काढून वायर आणि खांब यांच्यामध्ये आधी टेस्ट लॅम्प लावा. तो लख्ख पेटला तर गळती मोठी आहे, अँपिअर मीटर लावून तो जाळू नका. लॅम्प पेटला नाही तर मीटर लावा. घड्याळ वगळता जुन्या गाडीत जवळजवळ शून्य दिसायला हवं. ५० मिलिअँपिअरच्या वर असेल तर फ्यूज एकेक काढून बघा, शेवटी डब्याचं ए टर्मिनल मोकळं करा. मीटर मालिकेत असताना सेल्फ मारायचा नाही.

अल्टरनेटर असेल तर

लुकासच्या १५, १६, १७ आणि १८ एसीआर मालिकेत रेग्युलेटर आतच असतो. इथे लाल दिवा नुसता खबऱ्या नसतो. सुरुवातीचा फील्ड करंट त्याच्यातूनच येतो, त्यामुळे २.२ वॉटचा तो बल्ब उडाला तर धडधाकट अल्टरनेटरही चार्जिंग सुरू करत नाही. आधी बल्ब बघा. चालत्या इंजिनला बॅटरीवर १३.६ ते १४.४ व्होल्ट हवेत. मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं, तर डायोड गेलाय. गाडी तासन्‌तास उभी असूनही अल्टरनेटर कोमट लागत असेल, तरीही तोच संशय.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग बघायची’ जुनी खोड अल्टरनेटरवर करू नका, डायोड आणि रेग्युलेटर क्षणात जातात. बॅटरी उलटी लावणं, फील्डला ठिणगी देणं आणि वायरी न काढता वेल्डिंग करणं, यांचाही शेवट तोच.

इथे थांबा

कटआउट चिकटलं असेल, वायरीचं आवरण वितळलं असेल किंवा कुठूनही धूर आला असेल, तर बॅटरी काढून गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या. आर्मेचर किंवा फील्डमध्ये दोष निघाला तर काम वाइंडरचं. कम्युटेटर खोल चरला असेल तर लेथवाल्याचं. डब्याच्या हवेच्या फटी फीलर गेजशिवाय आणि त्या मॉडेलच्या मॅन्युअलशिवाय हलवायच्या नाहीत. स्क्रू दोनदा फिरवूनही आकडा स्थिर राहत नसेल, तर तिसऱ्यांदा फिरवू नका. बॅटरीचं व्होल्टेज १५ च्या वर जात असेल तर गाडी चालवतही नेऊ नका.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना पाच आकडे कागदावर लिहून न्या: उभ्या गाडीचं बॅटरी व्होल्टेज, २००० फेऱ्यांवर हेडलाइट लावून आणि न लावता आलेलं व्होल्टेज, अर्थवरची गळती, आणि डी-एफ जोडून आलेला आकडा. गाडीचा अर्थ पॉझिटिव्ह असेल तर ते कागदाच्या वर मोठ्या अक्षरात.